केस पेपरपासून भरपाईपर्यंत: उपचारातल्या हलगर्जीपणाची तक्रार नाशिकमधून कशी लढवायची

जुलै २०२२, शनिवारची संध्याकाळ. द्वारका सर्कलजवळ पावसात दादाची गाडी घसरली आणि उजव्या हाताची, कोपर ते मनगट यांमधली दोन्ही हाडं मोडली. जवळच्या हॉस्पिटलात प्लॅस्टर झालं, 'आजची रात्र ठेवून घेऊ' म्हणाले. रात्री दोनच्या सुमारास दादा कण्हत उठला. बोटं फुगलेली, काळीनिळी, आणि कुणी बोट जरा सरळ करायला गेलं की तो ओरडायचा. वहिनी सिस्टरकडे तीन वेळा गेली. इंजेक्शन मिळालं, 'फ्रॅक्चर आहे, दुखणारच' असं ऐकायला मिळालं, प्लॅस्टर मात्र तसंच राहिलं. ते कापलं रविवारी दुपारी बाराला, मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा. तोवर आतल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटून बराच वेळ झाला होता.

दादा अंबडच्या एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथ मशिनवर काम करणारा कारागीर होता. आता लेथचं हँडल त्याच्या मुठीत बसत नाही. चहाचा कपही डाव्या हाताने उचलतो.

पुढची तीन वर्षं मी हे प्रकरण घेऊन फिरलो. मी वकील नाही, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्स बघतो. पण सुरुवातीला आम्ही ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. प्रकरण शेवटी तडजोडीने मिटलं आणि नाव न घेणं ही त्यातली एक अट होती.

१. आधी स्वतःला विचारा: उपचार फसले की चुकले?

हा प्रश्न सगळ्यात कडू, म्हणून पहिला. पेशंट बरा झाला नाही, ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली, माणूस गेला, एवढ्यावरून कायदा डॉक्टरला दोषी धरत नाही. तुम्हाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: डॉक्टरची तुमच्याप्रति जबाबदारी होती, साधारण कुशल डॉक्टर त्या जागी जे करेल ते यांनी केलं नाही, आणि नुकसान त्याच कारणाने झालं. तिसऱ्या मुद्द्यावर अर्ध्या केसेस पडतात. डॉक्टर म्हणतो, 'चूक झाली असेल, पण हात अपघातानेच गेला असता.' याला तुमच्याकडे उत्तर हवं.

दादाचं हाड वाकडं जुळलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. हाड वाकडं जुळू शकतं, त्यात दोष कुणाचा हे सांगणं कठीण. पण घट्ट प्लॅस्टरखाली बोटं फुगली, औषधाने न थांबणारं दुखणं सुरू झालं, की प्लॅस्टर लगेच फाडून मोकळं करायचं, हे हाडांच्या डॉक्टरला शिकतानाच शिकवलेलं असतं. त्यासाठी हातात काही तासच असतात. इथे दहा तास गेले.

आपल्या राज्यातलं एक जुनं उदाहरण बघा. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर एका बाईंची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहिला. त्या वाचल्या नाहीत. अशा वेळी चूक कुणाची हे सिद्ध करत बसावं लागत नाही, टॉवेलच सगळं सांगतो. तरीही खालच्या कोर्टाने दिलेली ३६ हजारांची भरपाई हायकोर्टात रद्द झाली आणि सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये ती परत दिली. तेहतीस वर्षं. तुमची केस एवढी उघड नसेल, आणि बहुतेकांची नसतेच, तर पुढची पायरी नीट वाचा.

२. केस पेपर मिळवा, तेही पहिल्या आठवड्यात

डिस्चार्ज कार्ड म्हणजे केस पेपर नव्हे. डिस्चार्ज कार्डावर हॉस्पिटल जे सांगू इच्छितं ते असतं. तुम्हाला हवेत इनडोअर पेपर, म्हणजे पेशंट दाखल असताना रोज भरले गेलेले सगळे कागद: डॉक्टरांच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, ऑपरेशन झालं असेल तर ओटी नोट्स (ऑपरेशन थिएटरमधल्या नोंदी) आणि भुलेचा चार्ट, संमतीपत्र, सगळे रिपोर्ट, एक्स-रेच्या फिल्म किंवा सीडी.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत हे कागद द्यावे लागतात, आणि दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्येच सांगितलंय की केस पेपर गोपनीय म्हणून पेशंटला नाकारता येत नाहीत. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत नसतं. त्याच्याशी वाद घालू नका, लेखी अर्ज द्या.

अर्ज साधा असावा. पेशंटचं नाव, आयपीडी नंबर (दाखल करताना मिळतो तो), दाखल व डिस्चार्जची तारीख, 'संपूर्ण इनडोअर केस पेपरच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात, झेरॉक्सचा खर्च देण्यास तयार आहे' एवढं एक वाक्य, पेशंटची सही. पेशंट सही करू शकत नसेल तर नातेवाइकाने नातं लिहून सही करावी आणि सोबत आधारची प्रत जोडावी. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख, सही घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, आणि ईमेलही करा.

आम्ही इथे पहिली चूक केली. मी तणतणत गेलो, 'कोर्टात खेचतो' म्हणालो आणि मग कागद मागितले. कागद मिळायला सोळा दिवस लागले. त्या सोळा दिवसांत त्यांत काय भर पडली असेल याचा विचार करत मी कितीतरी रात्री जागलो. तुम्ही असं करू नका. 'पुण्याला दुसरं मत घ्यायचंय, कागद लागतील' असं सांगा. ते खोटंही नाही.

कागद हातात आले की तिथेच पानं मोजा, प्रत्येक पानावर नंबर टाका आणि घेतलेल्या पानांची यादी करून त्यावर हॉस्पिटलच्या माणसाची सही घ्या. मग घरी येऊन शांतपणे वाचा. आमच्या ४३ पानांत डॉक्टरांच्या नोंदी गुळगुळीत होत्या: 'जनरल कंडिशन स्टेबल'. पण नर्सिंग चार्टमध्ये, निळ्या बॉलपेनने, तिरक्या अक्षरात एक ओळ होती: 'रात्री २.४०, पेशंट कम्प्लेनिंग सीव्हिअर पेन, फिंगर्स स्वोलन, आरएमओ इन्फॉर्म्ड.' म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला कळवलं होतं. त्याखालची नोंद थेट सकाळी ७.१५ ची. मधल्या साडेचार तासांत कुणी बोटं बघितली याचा मागमूस नाही. त्या सिस्टरला मी कधी भेटलो नाही, पण आमची केस तिच्या त्या एका ओळीवर उभी राहिली.

त्याच रात्री वहिनीने मोबाइलवर दादाच्या बोटांचा फोटो काढून तिच्या बहिणीला पाठवला होता. वेळ रात्री ३.०५. असे फोटो, मेसेज, कॉलची यादी सांभाळा. फोन बदलणार असाल तर जुना फोन विकू नका.

पेशंट दगावला असेल आणि मनात शंका असेल तर पोस्टमॉर्टेम करून घ्या. त्या क्षणी हे शब्द कानाला नकोसे वाटतात हे मला कळतं. पण पोस्टमॉर्टेम नसेल तर मृत्यूचं कारण नंतर फक्त हॉस्पिटल सांगतं.

३. दोन गोष्टी अजिबात करू नका

तोडफोड आणि धक्काबुक्की. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडलेल्या वस्तूंच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. आपलीच भरपाई मागायला निघालेला माणूस आरोपी होऊन बसतो, आणि समोरच्याचा वकील प्रत्येक तारखेला तीच एफआयआर दाखवतो.

दुसरी: कुठल्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही. आम्हाला तिसऱ्या दिवशी 'माणुसकी म्हणून' बिलातले वीस हजार माफ करतो म्हणाले आणि सोबत एक छापील कागद पुढे केला. त्यात शेवटी 'उपचाराबाबत कोणतीही तक्रार नाही व भविष्यात करणार नाही' असं होतं. वहिनीने वाचलं म्हणून वाचलो. सूट घ्यायची तर घ्या, पण तो कागद न घेता.

फेसबुकवर नावानिशी पोस्ट टाकायचा मोहही आवरा. बदनामीची नोटीस आली की तुमचा वकील दोन आघाड्यांवर लढतो आणि फी दोन केसेसची लागते.

४. दार कुठलं ठोठवायचं?

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण चार दारं आहेत आणि पैसे त्यांतल्या दोनच ठिकाणी मिळतात.

ग्राहक आयोग. भरपाईसाठी सर्वसामान्य माणसाचं हेच दार. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पैसे घेऊन दिलेला उपचार ही 'सेवा' आहे आणि पेशंट हा ग्राहक आहे. २०१९ चा नवा कायदा आल्यावर डॉक्टर त्यातून सुटले असं सांगणारे भेटतील. तसं झालेलं नाही, मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि सुप्रीम कोर्टातही तो टिकला नाही. बिल मेडिक्लेमने भरलं असेल तरी तुम्ही ग्राहकच. ज्या हॉस्पिटलात काहींकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट बघतात, तिथला फुकट पेशंटही ग्राहक. सातपूर-अंबडच्या कामगारांसाठी आणखी एक: ईएसआय (कामगार विमा) रुग्णालयातले उपचार फुकट वाटले तरी त्यासाठी पगारातून वर्गणी कापली जाते, म्हणून तिथला पेशंटही ग्राहक ठरतो, असा २००७ चा निकाल आहे.

दिवाणी कोर्ट. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशा सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाबाबत ग्राहक आयोग चालत नाही, तिथे दिवाणी दावा लावावा लागतो. सरकारविरुद्ध दाव्याच्या आधी दोन महिन्यांची नोटीस लागते. हा रस्ता लांबचा आहे, चांगल्या दिवाणी वकिलाशिवाय त्यावर पाय ठेवू नका. सरकार जाहीर करतं ती सानुग्रह मदत आणि नुकसानभरपाई या वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात असू द्या. २१ एप्रिल २०२१ ला आपल्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली तेव्हा राज्य सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर केले. ती मदत होती, कुणाची जबाबदारी किती हे ठरवून काढलेला आकडा नव्हता.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. मुंबईत आहे. डॉक्टरला ताकीद देऊ शकतं, त्याची नोंदणी काही काळासाठी स्थगित करू शकतं. तुम्हाला एक रुपया देऊ शकत नाही. मात्र तिथे डॉक्टरविरुद्ध निष्कर्ष निघाला तर आयोगापुढे तो वजनदार कागद ठरतो. डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा असेल तर त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत, आधी पाटीवरची पदवी नीट वाचा. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं देऊन पेशंट दगावला, तर तेवढ्यावरूनच हलगर्जीपणा ठरतो असं सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये म्हटलंय.

पोलिस. निष्काळजीपणाने मृत्यू हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो आणि डॉक्टरसाठी शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. पण २००५ च्या निकालानंतर साधी चूक पुरत नाही, घोर हलगर्जीपणा लागतो, आणि कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर भरपाई हवी असेल तेव्हा आधी पोलिस ठाण्यात जाण्याने हात गरम होतात, हाती काही लागत नाही.

५. दोन वर्षं, एक दिवसही जास्त नाही

घटना घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. उशीर माफ करण्याचा अर्ज देता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. 'चूक नंतर कळली' हे कारण चालतं, तेही मर्यादेत. एका बाईंच्या पोटात पित्ताशयाच्या ऑपरेशनवेळी कापूस-पट्टीचा बोळा राहिला, तो नऊ वर्षांनी सापडला. तरी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण त्या स्वतः परिचारिका होत्या, दुखत असूनही इतकी वर्षं त्यांनी त्या सर्जनला पुन्हा दाखवलं नव्हतं. म्हणजे दुखत राहिलं तर दाखवत राहा, आणि प्रत्येक वेळचा कागद ठेवा.

कौन्सिलकडे किंवा पोलिसांत तक्रार चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही. आमच्या ओळखीच्या, पंचवटीतल्या एका कुटुंबाची केस नेमकी इथेच गेली.

६. तज्ज्ञाचं मत

'डॉक्टर डॉक्टरच्या विरोधात लिहून देत नाही.' हे वाक्य मी कॅनडा कॉर्नरपासून नाशिकरोडपर्यंत सगळीकडे ऐकलं, आणि ते बरंचसं खरं आहे. नाशिकचं वैद्यकीय जग तसं लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. पाच हाडांच्या डॉक्टरांनी कागद बघितले, दोघांनी तोंडावर सांगितलं की प्लॅस्टर रात्रीच फाडायला हवं होतं, लिहून मात्र एकानेही दिलं नाही.

मग काय करायचं? एक, गावाबाहेर जा. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले निवृत्त प्राध्यापक लिहून देतात, फी घेतात, ती रास्त आहे. आम्हाला पुण्याच्या एका निवृत्त सरांनी दीड पान लिहून दिलं. त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द एकदाही नव्हता. फक्त कुठल्या लक्षणाला किती वेळात काय करतात आणि कागदांत ते केल्याची नोंद कुठे नाही, एवढंच. तसंच मत हवं. डॉक्टरला शिव्या घालणारं मत आयोग बाजूला ठेवतो.

दोन, पाठ्यपुस्तक. एमबीबीएसच्या मुलांना लागणाऱ्या अस्थिरोगशास्त्राच्या पुस्तकातली पानं झेरॉक्स करून जोडा, पहिल्या पानासकट.

तीन, आयोगालाच विनंती करा की कागद जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडे मतासाठी पाठवावेत. आमच्या बाबतीत हे झालं. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातून समितीचा अहवाल आला: 'प्लॅस्टरचा निर्णय योग्य, रात्रीच्या निरीक्षणाच्या नोंदी अपुऱ्या.' दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूचं वाक्य अधोरेखित केलं. असा अहवाल आला तर खचू नका, आयोग तो आहे तसा मान्य करायला बांधील नाही.

प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञ लागतोच असंही नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय. चुकीच्या पायाचं ऑपरेशन, पोटात राहिलेली वस्तू, यांना तज्ज्ञ कशाला? पण तुमची केस तशी आहे असं मानून चालू नका.

७. नोटीस

वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, उत्तराला पंधरा ते तीस दिवस द्या. हॉस्पिटल आणि उपचार करणारे डॉक्टर, दोघांनाही. 'ते आमचे पगारी नाहीत, व्हिजिटिंग कन्सल्टंट आहेत' हे उत्तर ठरलेलं. तुम्ही बिल हॉस्पिटलला भरलंय, त्यामुळे त्या डॉक्टरच्या चुकीसाठी हॉस्पिटलही जबाबदार धरलं जातं. नोटिशीत डॉक्टरच्या व्यावसायिक विमा पॉलिसीचा तपशील मागा. कळला तर विमा कंपनीलाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष करा, कारण शेवटी चेक बऱ्याचदा तिथून येतो.

उलट ज्या ज्या डॉक्टरचं नाव कागदावर दिसेल त्याला ओढायचं नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात रेडिओलॉजिस्टसुद्धा होते. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

८. आकडा काढणे

'पन्नास लाख मागा, दहा तरी मिळतील' हा सल्ला प्रत्येक नातेवाईक देतो. आयोग मात्र हिशेब मागतो. माझा धंदाच हिशेबाचा, म्हणून इथे जरा थांबतो.

झालेला खर्च: सगळी बिलं, औषधांच्या पावत्या, दुसऱ्या हॉस्पिटलचा खर्च, फिजिओथेरपी, रिक्षा-टॅक्सी. पावती नाही ते धरू नका, फारतर प्रवासाचा अंदाज द्या. पुढचा खर्च: आणखी शस्त्रक्रिया लागणार असेल तर त्या डॉक्टरचं अंदाजपत्रक जोडा.

बुडालेली कमाई: पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट, कंपनीचं पत्र. मोटार अपघाताच्या दाव्यांत वयानुसार एक गुणक धरतात, ३६ ते ४० वयाला १५. दादा तेव्हा ३८ वर्षांचा, पगार महिना २४ हजार, जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यावर अपंगत्व ४५ टक्के. म्हणजे वर्षाचे २,८८,००० गुणिले १५ बरोबर ४३,२०,०००, त्याचे ४५ टक्के १९,४४,०००. दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतली घट एकच नसते, हेही मांडा. कारकुनाचा हात ४५ टक्के गेला तर तो काम करू शकतो, टर्नरचा गेला तर मशिनपुढे उभंच राहता येत नाही.

वैद्यकीय प्रकरणांत गुणक काटेकोर लावलाच पाहिजे असं मात्र नाही, खाली-वर होतं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कोलकात्यातल्या एका प्रकरणात सुमारे सहा कोटी दिले, २०१५ मध्ये तमिळनाडूतल्या, वेळेत डोळे न तपासल्याने अंध झालेल्या मुलीला सुमारे एक कोटी ऐंशी लाख. हे आकडे बघून हुरळून जाऊ नका. पहिल्या प्रकरणातल्या पेशंट अमेरिकेत राहणाऱ्या होत्या, दुसऱ्यात मुलीच्या जन्मभराच्या उपचारांचा खर्च महागाईसकट मोजला होता.

शेवटी वेदना, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च आणि व्याज. व्याज मागायला विसरू नका, प्रकरण दोन-तीन वर्षं चाललं तर ती रक्कम मोठी होते. दादासाठी आम्ही एकूण २६ लाख मागितले.

९. तक्रार दाखल करणे

कुठल्या आयोगात? इथे बरेच जण, काही वकीलसुद्धा, जुन्या कायद्याने चालतात. पूर्वी मागितलेल्या भरपाईवरून ठरायचं. आता तुम्ही हॉस्पिटलला किती पैसे दिले त्यावरून ठरतं: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, पुढे राष्ट्रीय आयोग. म्हणजे बिल दीड लाख आणि मागणी एक कोटी असली तरी प्रकरण नाशिकच्या जिल्हा आयोगातच. फीसुद्धा दिलेल्या पैशांवरच: ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००.

उपचार मुंबईत झाले असले तरी तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. मालेगाव, येवला, सिन्नरच्या मंडळींनी उगाच मुंबईच्या फेऱ्या मारू नयेत. ऑनलाइन दाखल करायची सोय आहे; आम्ही ई-दाखिलवर केली होती, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे नवं पोर्टल आहे. स्कॅन स्वच्छ करा. डॉक्टरचं अक्षर आधीच कठीण, त्यात धूसर स्कॅन म्हणजे वाचणाऱ्याची परीक्षा.

सोबत लागणारे कागद:
– तक्रार अर्ज, तारखांच्या क्रमाने, आणि त्यावर शपथपत्र
– दस्तांची यादी, प्रत्येक पानाला नंबर
– इनडोअर केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट
– बिलं आणि पावत्या, मेडिक्लेम असेल तर मंजुरीची पत्रं
– केस पेपर मागितल्याच्या अर्जाची पोच
– नोटीस, पोस्टाची पावती, आलेलं उत्तर
– तज्ज्ञाचं मत, पुस्तकातली पानं
– अपंगत्वाचा दाखला किंवा मृत्यूचा दाखला व वारसांचे कागद
– कमाईचे पुरावे
– आधार, वकील असेल तर वकीलपत्र

वकील लावलाच पाहिजे असं नाही. पण हाडाच्या, भुलेच्या प्रकरणात एकट्याने उतरू नका. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग अशा काही गटांना उत्पन्न न बघता, इतरांना वार्षिक ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मोफत वकील मिळतो. सीबीएसजवळच्या कोर्टाबाहेर 'टक्केवारीत करून देतो' म्हणणारे भेटतील, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. भरपाईत टक्केवारीचा करार करायला वकिलाला मनाई आहे.

तक्रारीत 'घोर निष्काळजीपणा केला' असं दहा वेळा लिहू नका. 'रात्री २.४० ते ७.१५ या काळात बोटांचा रक्तपुरवठा तपासल्याची एकही नोंद नाही, पान २७' असं एकदाच लिहा.

१०. तारखा

दाखल झाल्यावर सामनेवाल्याला, तक्रारीची नोटीस मिळाल्यापासून, लेखी जबाबासाठी ३० दिवस, वर फार तर १५. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर जबाब घेता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. दिवस तुम्ही मोजा, कारकून मोजणार नाही. आमच्यात जबाब एकेचाळिसाव्या दिवशी आला.

मग पुराव्याचं शपथपत्र, लेखी युक्तिवाद, तोंडी युक्तिवाद. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल लिहिलाय. आम्ही एप्रिल २०२३ ला दाखल केली, निकाल डिसेंबर २०२४ ला लागला, आणि आमचे वकील याला लवकर म्हणाले. एखादी तारीख चुकणार असेल तर आधी अर्ज द्या, लागोपाठ गैरहजर राहिलात तर तक्रार निकाली निघते. मध्येच आयोग मध्यस्थीला पाठवू शकतो. जायला हरकत नाही, तिथे बोललेलं पुराव्यात येत नाही.

उलटतपासणीत दादाला विचारलं, 'तुम्ही डाव्या हाताने मोबाइल चालवता ना?' तो हो म्हणाला. आमचा जीव खाली-वर. निकालात त्या वाक्याचा उल्लेखही नव्हता.

११. निकालानंतर

आयोगाने हॉस्पिटल आणि डॉक्टर यांना मिळून ११ लाख, तक्रार दाखल झाल्यापासून ९ टक्के व्याज आणि खर्चाचे २५ हजार द्यायला सांगितलं. प्लॅस्टर घालण्यात चूक नव्हती, रात्रभर न बघण्यात होती, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. गुणकाचा हिशेब पूर्ण मान्य झाला नाही.

निकालाची प्रमाणित प्रत लगेच घ्या. ४५ दिवसांत दोन्ही बाजूंना राज्य आयोगात अपील करता येतं, पण पैसे द्यायचा आदेश असलेल्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. हे कलम तुमच्या कामाचं आहे. हॉस्पिटलने अपील केलं, निम्मे पैसे भरले, आणि मग पहिल्यांदा त्यांच्या वकिलाचा फोन आला. तडजोडीला बसायचं तर अशा वेळी बसावं. आम्ही थोडं व्याज सोडलं, दादाने 'किती दिवस तारखा करायच्या' म्हटलं म्हणून.

अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच जिल्हा आयोगात वसुलीची दरखास्त लावा. मालमत्ता जप्त होऊ शकते, आणि आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंडाची तरतूद आहे. दरखास्त लागल्याचं समन्स गेलं की चेक येतो, असा आमच्या वकिलांचा अनुभव.

तडजोडीचा कागद आयोगापुढे दाखल होईपर्यंत अपील मागे घेतल्याच्या पुरसिसवर (लेखी निवेदनावर) सही करू नका, आणि चेक वटेपर्यंत मूळ केस पेपर कुणाला देऊ नका. आमचे ते ४३ कागद अजून वहिनीच्या कपाटात, साड्यांच्या खाली आहेत. सत्ताविसावं पान घडी पडून फाटायला आलंय, त्याला तिने सेलोटेप लावलाय.